धाम नदीच्या काठी

सेवाग्राम आणि पवनार ही वर्धा जिल्ह्यातील दोन गावे. गेल्या फाल्गुनात तेथील आश्रम पाहण्याचा योग मला आला. 'साधी राहणी' हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु ती राहणी प्रत्यक्षात कशी असते आणि कशाच्या आधारावर उभी असते, हे एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

प्रथम मी सेवाग्रामला गेलो. महात्मा गांधी १९३६ साली येथे राहावयास आले आणि पुढील दहा वर्षे हेच त्यांचे घर होते. त्यांची कुटी माती, बांबू आणि कौले यांची आहे. आसपास जे मिळते, त्यातूनच घर उभारावयाचे, असा त्यांचा आग्रह होता. बाहेर ऊन तापले होते. पण आत पाऊल टाकताच सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायांना जाणवला. कुटीत साप पकडण्याचा एक लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. आश्रमात साप निघाला, तर त्याला मारीत नसत. चिमट्याने धरून दूर रानात सोडून देत. आपण जेथे घर बांधले, तेथे त्याचे घर आधीपासून होते, हे जणू त्या चिमट्याने मला सांगितले.

कुटीतून बाहेर पडताना मात्र एक शंका मनात आली. हे सारे आता जतन करून ठेवलेले आहे. लोक येतात, पाहतात आणि परत जातात. अशी राहणी केवळ पाहण्यापुरतीच उरली आहे काय?

या शंकेचे उत्तर पवनारला मिळाले. तेथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे १९३८ साली येऊन राहिले. पुढे १९५९ साली त्यांनी त्याच जागी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या भगिनी आजही तेथे एकत्र राहतात. स्वयंपाक, झाडलोट, शेतातील कामे त्या आपसांत वाटून घेतात. हे काम हलके आणि ते मोठे, असा भेद तेथे नाही. याच भूमीत खणताना विनोबांना राम आणि भरत यांच्या भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. ते आश्रमात पाहावयास मिळते. मूर्ती शोधावयास कोणी निघाले नव्हते; कुदळ चालविणाऱ्या हातांना ती आपोआप लाभली.

एका वृद्ध भगिनींना मी विचारले, "येथे प्रमुख कोण?"

त्या हसून म्हणाल्या, "कोणीच नाही. सर्वांचे एकमत झाले, की निर्णय होतो."

"आणि एकीलाही ते पटले नाही तर?"

"तर आम्ही थांबतो."

मी विचारात पडलो. बहुमताने काम लवकर उरकते, पण ज्यांचे मत पडले नाही त्यांचे मन मागेच राहते. येथे सर्वांना बरोबर घेऊन चालावयाचे, म्हणून चाल मंद. मातीची भिंत वेळोवेळी लिंपावी लागते. न लिंपली तर ती ढासळते. माणसांतील सलोख्याचेही तसेच आहे. साधी राहणी दिसावयास साधी, पण तिला रोजचे श्रम आणि मोठा धीर लागतो.

आता तेथील पुष्कळशा भगिनी वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्यानंतर ही कुदळ कोण हाती घेणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण तो मी त्यांना विचारला नाही. तो विचारावयाचा, तर तुम्हा-आम्हालाच विचारला पाहिजे.