नळीतली फुंकर

वालीवच्या आमच्या गिरणीत जनरेटरचं डिझेल इंजिन निळा धूर ओकायला लागलं. हवेच्या पाइपात तेल. फोरमन म्हणाला, टर्बो गेला. दोष कुणाचा? तेल ओतणाऱ्याचा, म्हणजे माझा. "तुम्हा लोकांना मशीनला हात लावू देणंच चूक."

दोस्तहो, तेल गळतं म्हणून टर्बो मेलेलाच असतो असं नाही. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल दाबानं आत येतं, बाहेर पडतं ते स्वतःच्या वजनानं. उतार तुंबला, नाहीतर ब्रीदर बंद पडून चेंबरात दाब वाढला, की ते सील ओलांडणारच. नवा बसवा, तोही गळेल.

रातपाळीत खोललं. दांडा हलवून बघितला, पाती कुठं घासत नव्हती. उताराची नळी तोंडाला लावून फुंकली. हवा जाईना. आत जळक्या तेलाचा कोळसा.

धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून बाटण्याच्या भीतीनं मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात आपल्याला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. माझा पणजा रिंगखात्यातच म्हातारा झाला. नळीची कडू चव जिभेवर असताना तो आठवला.

नळी साफ केली, धूर थांबला. तरी सेठनं नवा टर्बो मागवलाच, मोठा, 'जादा ताकदीचा'. मी म्हणालो, सेठ, पट्टीवरचा नंबर जुळवा. एवढा मोठा या इंजिनाच्या धुरावर नीट फिरायचा नाही, काळं ओकेल.

फोरमन म्हणाला, तू फडकं मार.

फडकं मारतोय. नंबर वहीत उतरवून ठेवलाय, अर्ध्या कवितेच्या खाली.