खिडकीपाशी टेबल मिळेल का?

आपल्या ग्रुपच्या पार्ट्या दोन प्रकारच्या. एक पोटासाठी, दुसरी फोटोसाठी. पोटाची पार्टी कुठेही चालते. ट्यूबलाइटच्या उजेडात, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावूनसुद्धा सुरमई गोडच लागते. पण प्रमोशन, अॅनिव्हर्सरी किंवा अमेरिकेतून आलेला मित्र असला की फर्मान निघतं, ‘बॉस, व्ह्यू पाहिजे!’ आमच्यात हे फर्मान गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे मुंबईतल्या खिडक्यांचा माझा बऱ्यापैकी अभ्यास झालाय.

सगळ्यात आधी दिशा बघा. गेटवेची बाजू पूर्वेची. तिथे सूर्यास्ताच्या आशेने बसाल तर सूर्य तुमच्या पाठीमागे मावळेल. तिकडे जावं सकाळी, नाहीतर दुपारच्या चहाला. ताजचं सी लाउंज फक्त पहिल्या मजल्यावर आहे, म्हणजे आपल्या सोसायटीच्या गच्चीपेक्षाही खाली. पण समोर १९२४ साली पुरा झालेला गेटवे आणि त्यामागे डुलणाऱ्या बोटी. आणखी उंची हवीय कशाला? एके काळी इथे स्थळं बघण्याचे कार्यक्रम रंगायचे म्हणे. सोय चांगली होती. बोलायला काही सुचलं नाही, तर बघायला गेटवे होताच!

सूर्यास्त हवा तर मरीन ड्राइव्ह. ‘पिझ्झा बाय द बे’ रस्त्याच्या पातळीवर, तर इंटरकॉण्टिनेण्टलचं ‘डोम’ गच्चीवर. पण इथे कॅलेंडर बघून जा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकून उघड्या समुद्रात बुडतो, जूनमध्ये तोच मलबार हिलच्या टोकाकडे जातो. वेळही बदलते. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या ठोक्याला खेळ खलास, तर जूनअखेरीला सव्वासात वाजून जातात. म्हणजे साडेसहाला कम्प्युटर बंद करणाऱ्यांनी हिवाळ्यात शनिवार-रविवारचीच आशा धरावी. अर्धा तास आधी पोचा आणि सूर्य बुडाला की लगेच बिल मागू नका. रस्त्यावरचे दिवे लागून क्वीन्स नेकलेस उजळायला अजून थोडा वेळ असतो. पावसाळ्यात मात्र गच्चीचा नाद सोडून काचेमागची जागा शोधा.

मग टेबल. ‘सी व्ह्यू आहे का?’ असं फोनवर विचारलं की सगळेच ‘येस सर’ म्हणतात. एका ठिकाणी आम्हाला जो सी व्ह्यू मिळाला, तो खांब आणि एसीच्या डब्यामधून वीतभर दिसणारा निळा पट्टा होता. तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारतो. समुद्र बसून दिसतो की उभं राहून? खिडकीचं टेबल नावावर राखणार का? आणि त्या टेबलासाठी कमीत कमी किती बिल करावं लागतं? तिसऱ्या प्रश्नाला पलीकडे थोडी शांतता पसरते, पण विचारायचंच.

चौथी गोष्ट मी न विचारता बघतो. खाली उतरायचा जिना कुठे आहे आणि त्याच्या तोंडाशी खोकी तर रचून ठेवलेली नाहीत ना. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले कित्येक वॉशरूममध्ये गुदमरले. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच सेलिब्रेट करायला गेलेली मुलं. म्हणून आधी जिना, मग सेल्फी. मित्र हसतात, हसू देत.

आता राहिला शेवटचा मुद्दा, कुणाला नेताय? हा मला बाबांमुळे कळला. वरळीला फोर सीझन्सचं ‘एअर’ आहे, चौतिसाव्या मजल्यावर, वर उघडं आकाश. प्रमोशन झालं तेव्हा आई-बाबांना तिथे नेलं. आईने आधी मेन्यूतले आकडे वाचले आणि मग समुद्र बघितला. मी बाबांना पश्चिमेकडची खुर्ची दिली होती. ते पाच मिनिटांत उठले आणि उलट्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. तिकडे लोअर परळ. बाबा १९८२ च्या संपापर्यंत तिथल्या गिरणीत होते. संपानंतर वॉचमनची नोकरी केली. त्या दिवसांबद्दल ते घरात कधी बोलत नाहीत.

टॉवरांच्या गर्दीत त्यांनी एक चिमणी शोधून काढली. ‘ती बघ, क्रेनच्या डावीकडे. तिसरी पाळी सुटली की तिथून चालत यायचो.’ मग खोलीची चाळ, भिशीवाल्याचं दुकान, मोर्चा कुठून निघायचा, सगळं बोटाने दाखवलं. मध्येच थांबून म्हणाले, ‘वरून किती जवळ दिसतं रे सगळं! तेव्हा पाय मोडायचे.’ पश्चिमेला सूर्य बुडाला, लोकांनी फोटो काढले. आम्ही तिघांनीही तो बघितला नाही.

पुढच्या महिन्यात बाबांना सत्तर पूर्ण होतायत. टेबलासाठी फोन मीच करणार आहे. समुद्राचं नको, पूर्वेकडचं द्या, असं सांगितल्यावर पलीकडचा माणूस काय म्हणतो बघू. कदाचित स्वस्तातही मिळेल!