अर्धी गुंज

‘मी संध्याकाळी तळघरात दारू भरत असतो,’ असं सांगितलं की पुण्याहून आलेला पाहुणा आधी दचकतो आणि मग आशेनं पेल्याकडे पाहतो. बिचाऱ्याची निराशा होते. माझी दारू बंदुकीची! भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्यावाचून घरी काडतुसं करता येत नाहीत. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. इथे ओहायोत माझे शेजारी लोणचं घालावं तितक्या सहजपणे ती भरतात. त्यांनीच मला हा नाद लावला.

उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकायची नसते. साच्यात दाबून ती मापात आणायची, बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबायची. दारूचं माप ग्रेन. एका पौंडात ७,००० ग्रेन! म्हणजे एक ग्रेन आपल्या सोनाराची सुमारे अर्धी गुंज. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर बंदूक हातातच फुटायची.

गेल्या वर्षी माझ्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पाठीत अशा २३ चकत्या असतात, हे मला साठीत कळलं. मुकाट्यानं काम करणाऱ्यांची ओळख कोण करून घेतो!

घरी आल्यावर तळघराच्या पायऱ्या सिंहगडासारख्या वाटू लागल्या. पण खरी अडचण निराळीच होती. वेदनेवरच्या औषधानं डोकं जड होई. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागे. तेव्हा नियम केला, की पोटात एक गोळी गेली की दुसऱ्या गोळीला हात लावायचा नाही. दोन महिने नुसत्या पुंगळ्या पुसल्या, चिरलेल्या वेगळ्या काढल्या.

“अहो, इतक्या निगुतीनं कधी मेथी निवडली नाहीत!” सौभाग्यवती म्हणाल्या.

औषध सुटलं, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी टेबल उंच करून घेतलं. स्वीडनच्या डॉक्टर नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. पुढे वाकलं की तो वाढतो. म्हणून आता मी उभ्यानं दांडा ओढतो, आणि प्रत्येक पुंगळीत विजेरीचा झोत टाकून दारूची पातळी पाहतो. पूर्वी एका बैठकीत शंभर होत. परवा दहा झाली.

पितळाचंही असंच असतं. पुन्हापुन्हा उडून आणि दाबून ते कडक होतं, मानेला चिरा पडू लागतात. मग मान तापवून मऊ करावी लागते. मला शेक देणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हणजे आपला धंदा एकच!”

ती दहा उडवायची केव्हा, ते अजून ठरायचं आहे. खांद्याला बसणारा धक्का पाठीला सोसेल की नाही, यावर डॉक्टर नुसते हसतात. तोवर दहाही जणी डबीत ओळीनं उभ्या आहेत. अगदी ताठ. मला त्यांचा थोडा हेवा वाटतो.