प्रेसनोटमधून कापलेली ओळ



जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल मॉडेलांच्या पायात घातली आणि महाराष्ट्रातल्या वाहिन्यांना एकाएकी पायताण आठवलं. 'आमची कोल्हापुरी चोरली' म्हणून गदारोळ झाला. मराठी अस्मिता, महाराष्ट्राचा वारसा, लाखाच्या वर किंमत, सगळं बोलून झालं. ते ऐकताना आम्ही एकमेकांना फोन करून एवढंच विचारत होतो की ही 'आमची' म्हणजे नेमकी कुणाची? ज्यांच्या आज्यापणज्यांनी कातड्याला कधी हात लावला नाही, उलट हात लावणाऱ्याला अंगणाबाहेर उभं केलं, त्यांची?

पण हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याआधी आम्हाला आमचंच एक प्रकरण सांगितलं पाहिजे. कारण कोल्हापुरीवरून तिच्या मालकाचं नाव पुसण्याचं काम आम्हीही केलेलं आहे. पगार घेऊन केलेलं आहे.

आम्ही म्हणजे तिघं. एक विक्रोळीचा, एक नांदेडहून पत्रकारितेची पदवी घेऊन मुंबईत आलेला आणि एक कोल्हापूर जिल्ह्यातली, चर्मकार घरातली. कोविडच्या आधीची दोन-अडीच वर्षं आम्ही लोअर परळच्या एका पीआर एजन्सीत होतो. कपड्यांचे ब्रँड, दागिन्यांची दुकानं, हॉटेलं, अधूनमधून एखादी सिनेतारका असे क्लायंट. आम्हाला तिथे का घेतलं, याचं साधं कारण असं की मराठी पेपरांना मराठीत फोन करणारं कुणीतरी लागायचं. इंग्रजी पेपरांची बोलणी 'आत' व्हायची. मराठी, हिंदी आणि गुजराती यांना एकत्र 'रिजनल' म्हणायचे. आम्ही रिजनल होतो.

ऑफिस जुन्या गिरणीच्या आवारात होतं. एक वीटकाम मुद्दाम उघडं ठेवलेलं, छताला लोखंडी तुळया, म्हणे इंडस्ट्रियल लुक. क्लायंट आले की त्या भिंतीपुढे फोटो काढायचे. याच गिरणगावात आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागायचा आणि अस्पृश्याच्या थुंकीने धागा बाटतो म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध असायचा. विणाईत पगार जास्त, म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. नव्वद वर्षांनी त्याच आवारात बसून आम्ही हातमागाच्या साड्यांची स्तुती लिहीत होतो. हे तेव्हा आम्हाला ठाऊक होतं का? विक्रोळीवाल्याला होतं, त्याचे आजोबा गिरणीत होते. पण ते बोलायची ती जागा नव्हती.

आता प्रकरण. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्याची बातमी आली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. बातमी ताजी असतानाच आमच्या एका क्लायंटने 'हेरिटेज कलेक्शन' काढायचं ठरवलं. पंचतारांकित हॉटेलात कार्यक्रम, रॅम्प, आणि रॅम्पच्या बाजूला 'लाइव्ह काउंटर'. तिथे एक खराखुरा कारागीर बसून चप्पल बनवणार. कारागीर कुठून आणायचा? आमच्यातल्या कोल्हापूरच्या मुलीने ओळखीतल्या एका काकांना विचारलं. काका-काकू दोघं आले. काकांच्या पिशवीत आरी, रापी, लाकडी ठोकणी, आणि काकूंनी घरून विणून आणलेल्या वेण्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापुरीत खिळा नसतो, शिलाई चामड्याच्याच वादीने होते. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं आणि ते कमावण्याचं काम ढोर समाज करत आला. चपलेवरची वेणी, नक्षी, शिलाई यांतलं पुष्कळसं काम घरातल्या बायका करतात. म्हणजे एका जोडात दोन जातींचे आणि बाईमाणूस-बाप्यामाणूस दोघांचे हात असतात. हे सगळं आम्ही प्रेसनोटमध्ये लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात काकांचं नाव, काकूंचं नाव, गाव, आणि एक ओळ: पिढ्यान्पिढ्या ही कला चर्मकार समाजाने जपली.

कार्यक्रमाच्या दिवशी काका नवीन शिवलेल्या पँट-शर्टात आले. इस्त्री कडक, खिशाला पेन. इव्हेंट सांभाळणाऱ्या मुलाने त्यांना बघितलं आणि आम्हाला बाजूला घेतलं. 'लुक जात नाहीये.' भाड्याने धोतर, बाराबंदी आणि फेटा आणून ठेवलेलाच होता. काकांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही खाली बघितलं. ते हॉटेलच्या सर्व्हिसच्या बाजूच्या संडासात जाऊन कपडे बदलून आले. काकू म्हणाल्या, 'ह्यांनी लग्नातबी धोतर नेसलं नव्हतं.'

मित्रांनो, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना कपड्यांबद्दल सांगितलं होतं. लुगडं कसं नेसावं, जातीची खूण म्हणून अंगावर बाळगलेले ते कथलाचे जड दागिने टाकून द्यावेत, असं सांगितलं. लोकांनी ते लगेच अमलात आणलं. कपडा ही जातीची पाटी असते आणि ती पाटी आपण आपल्या हाताने उतरवू शकतो, हे त्या माणसाला कळलेलं होतं. त्यांच्या सुटाला हसणारे आजही आहेत. आणि आम्ही, त्यांच्या नावाने शिकलेले, एका चर्मकार माणसाच्या अंगावर पाटी परत चढवत होतो. तीही भाड्याची.

पुढचं लवकर झालं. प्रेसनोट क्लायंटकडे मंजुरीला गेली होती, संध्याकाळी फोन आला. बाई रागावलेल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. अगदी गोड बोलल्या. 'यात कास्ट कशाला? किती सुंदर स्टोरी आहे, उगीच निगेटिव्ह होतं. मास्टर आर्टिझन्स लिहा ना.' नावं? 'नावं दोनच घेतली तर बाकीच्या कारागिरांवर अन्याय नाही का?' अन्यायाची ही व्याख्या आम्ही पहिल्यांदाच ऐकली. आमच्या अकाउंट हेडने पाच मिनिटांत नोट बदलून मागितली. ज्या मुलीने काकांना आणलं होतं तिच्याच लॅपटॉपवर फाइल होती. तिने ओळ निवडली आणि डिलीट केली. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो. कुणी तिचा हात धरला नाही. तिघांचेही पगार त्या ओळीत अडकले होते, विक्रोळीच्या घराचा हप्ता होता, नांदेडला बहिणीचं लग्न होतं. ही कारणं खरी आहेत. तरी कारणंच आहेत.

२७ ठिकाणी बातमी आली. आमचं पुढचं काम कात्रणं कापून, चिकटवून, सगळ्यांचं 'मूल्य' काढायचं. बातमीची जागा सेंटिमीटरमध्ये मोजायची, त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायची आणि वर परत तिनाने गुणायचं, कारण बातमीवर लोक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात असं गृहीत. ही पद्धत चुकीची आहे, असं या धंद्यातल्या जागतिक संघटनांनीच २०१० मध्ये बार्सिलोनाला ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे ती जोरात चालू होती. गुणाकार होऊन लाखांचा आकडा आला, फाइल स्पायरल करून गेली, क्लायंट खूश. काकांना दोन दिवसांचे ३,००० रुपये मिळाले. स्टेजवरच्या झेंडूचं बिल त्याहून मोठं होतं, ते आम्हीच पास करायला पाठवलं होतं. २७ पैकी एकाही कात्रणात काकांचं नाव नव्हतं. फोटो होता. ओळ अशी: 'पारंपरिक वेशातील कारागीर.'

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय? तर हे समजून घ्या की बातमी कशी होते. वार्ताहर कमी, पानं जास्त. एजन्सीची नोट तीन-चारशे लोकांच्या मेलवर एकाच वेळी जाते. सोबत फोटो, फोटोखालची ओळ तयार, बोललेलं वाक्य तयार. दुपारी त्यावर फोन जातो, 'सर, मिळालं का?' फॅशन, लाइफस्टाइल, नवीन दुकान, नवीन सिनेमा यांच्या पानांत पुष्कळ वेळा ती नोट जवळजवळ जशीच्या तशी लागते. नोटेत जे नाही ते उद्याच्या पेपरात नाही, आणि वीस वर्षांनी कुणी संशोधक कात्रणं बघेल तेव्हा त्यातही नसेल.

ज्यांच्या टेबलावर ही नोट पडते ते कोण आहेत? २०१९ मध्येच ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांचा अहवाल आला. पाहिलेल्या माध्यमांतल्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातींचं माणूस एकही नव्हतं. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. मोठ्या माध्यमांना त्याची खरी दखल घ्यायला आठवडे लागले, आणि तोवर 'अनैतिक संबंध' ही बातमी फिरून झाली होती. चप्पल आणि खैरलांजी यांची तुलना करत नाही आहोत. हत्येला आणि फेट्याला एका तराजूत घालण्याइतके आम्ही बेअक्कल नाही. पण कुणाची गोष्ट कोण सांगणार हे ठरवणारं टेबल तेच आहे.

एजन्सीत आम्ही वर्षाचं 'कंटेंट कॅलेंडर' बनवायचो. कुठल्या दिवशी ब्रँडने कसली पोस्ट टाकायची ते. चॉकलेट डे होता, योगा डे होता. १४ एप्रिलचा रकाना रिकामा. ६ डिसेंबरच्या रकान्यात मात्र एक सूचना होती: दादर परिसरात इव्हेंट टाळावा, ट्रॅफिक.

इथे एक गुंता आहे आणि तो आपल्या लोकांशीच बोलला पाहिजे. 'वारसा' या शब्दाचं आपण काय करायचं? मेलेली ढोरं ओढणं सोडा, गावकीची हलकी कामं सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितलं आणि लोकांनी उपाशी राहून ती सोडली. जे काम जातीने लादलं त्याला कला म्हणून गौरवणं म्हणजे माणसाला त्याच ऐरणीपाशी बसवून ठेवणं नाही का? काकांचा मुलगा तेव्हा एमपीएससीचा अभ्यास करत होता आणि काकांना त्याने आरी हातात घ्यावी असं मुळीच वाटत नव्हतं. दुसरीकडे हेही खरं की ज्यांनी काम सोडलं नाही, किंवा ज्यांना सोडता आलं नाही, त्यांच्याकडे आपली चळवळ किती वेळा गेली? २०१५ चा गोवंश कायदा आला, कातड्याचा पुरवठा अडला. २०१६ मध्ये उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्यांना गाडीला बांधून मारलं. आपण मोर्चे काढले, ते बरोबर. पण चर्मकार वस्तीत बसून दराचं, मालाचं, कर्जाचं आपण किती बोललो? आम्ही तिघांतही सुरुवातीला यावर भांडण झालं. मुलगी म्हणाली, 'तुमच्या जयंतीच्या बॅनरवर आमचे रोहिदास शेवटच्या कोपऱ्यात असतात.' आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमचं मत आता असं झालं आहे: काम सोडणाऱ्याला सोडता यावं, करणाऱ्याला नाव, दर आणि मालकी मिळावी. मुंबईत सुधीर राजभर यांनी तर ज्या जातीच्या नावाने शिवी देतात तेच 'चमार' नाव ब्रँडला दिलं आणि कातड्याऐवजी टाकाऊ रबरापासून पिशव्या बनवून घेतल्या. सगळ्यांना ते पटेल असं नाही, आमच्यातल्या एकाला पटत नाही. पण तिथे निदान नाव झाकलेलं नाही.

आणि जाता जाता आपल्या प्रेसनोटांबद्दल. आम्ही एजन्सी सोडल्यावर दोन-तीन संघटनांच्या नोटा बघितल्या, डोक्याला हात लावला. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर हस्तलिखिताचा फोटो. पहिल्या ओळीत प्रमुख पाहुणे, मग स्वागताध्यक्ष, मग उपस्थित मान्यवरांची तीस नावं, आणि मागणी काय होती ते शेवटून दुसऱ्या ओळीत. ज्या बाईवर अन्याय झाला तिचं नाव चुकीचं. फोटोत कोण उभं आहे याचा पत्ता नाही. मग 'मनुवादी मीडिया छापत नाही' म्हणायचं! छापत नाही हे खरं, पण छापायचं काय तेही आपण देत नाही. दुपारी चारच्या आत पाठवा. मागणी पहिल्या वाक्यात घाला. पुढाऱ्यांची नावं राहिली तरी चालतील, पीडिताचं आणि गावाचं नाव दोनदा तपासा, आणि ते छापायला त्यांची संमती घ्या. फोटोखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं. ही कला आम्ही सवर्णांच्या साड्या विकताना शिकलो, आता फुकट शिकवतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो, मोबाइल असला तरी पुरे.

प्राडाचं पुढे काय झालं ते पेपरात आलंच. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली, कारण मानांकनाची नोंद ज्यांच्या नावावर आहे ते स्वतः कोर्टात आलेले नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी कंपनीचा करार झाला. त्या करारातून एका जोडामागे वेणी विणणाऱ्या बाईच्या हातात किती रुपये पडणार, हे विचारणारी बातमी आम्ही अजून शोधतो आहोत.

त्या जूनच्या गदारोळात एका वाहिनीच्या मुलीने आमच्याकडे 'एखादा कारागीर' मागितला. आम्ही काकांना फोन लावला, झालेलं सगळं आठवून माफी मागितली. ते म्हणाले, 'ते जाऊ दे. फेटा घालायचा आसंल तर येत न्हाई म्हणून सांग.' मग थोड्या वेळाने परत फोन आला. काकूंचा होता. 'येतोय म्हणावं. पर खाली नाव लिवतात न्हवं, त्यात माझंबी लिवायला सांग.'

आम्ही त्या मुलीला दोन्ही नावं लिहून पाठवली. आडनावासकट.