आश्विनातले सागवन

पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत आलेल्या यवतमाळकर पाहुण्याला परकेपणा जाणवत नाही. बाजारात मराठी कानी पडते, आणि गुडीहत्नूरहून इंद्रवेल्ली-उटनूरकडे वळले की सागाची राने सोबतीला येतात. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. रानाला ती वाटणी ठाऊक नाही.

आश्विनात येथील एक दृश्य प्रवाशाला चकित करते. पाऊस नुकताच ओसरलेला, गवत हिरवेगार, आणि साग मात्र वणव्याची धग लागल्यासारखे करपलेले! पान हाती घेऊन पाहावे. शिरांची जाळी तेवढी शिल्लक. मधला हिरवा गर एका इवल्या अळीने फस्त केलेला असतो. दुसऱ्या जातीची अळी पावसाळ्याच्या आरंभी कोवळी पालवीच खाते. झाड सहसा मरत नाही. परंतु ज्या महिन्यांत खोडाने भरायचे, त्याच महिन्यांत अन्न तयार करणारे पान नाहीसे होते. सागाची किंमत खोडाच्या घेरावर ठरते, हे ध्यानी घेतले म्हणजे या हानीचे मोल कळते.

एवढे रान पायी कोण तपासणार? त्यासाठी आकाशाचा आश्रय घ्यावा लागतो. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते, रोगट पान कमी. याच तत्त्वावर १९७० मध्ये शास्त्रज्ञ पी. आर. पिषारोटी यांनी केरळातील रोगग्रस्त नारळबागांची छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून घेतली. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून हैदराबादेत आजचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उभे राहिले. १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला. आज युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी तीच भूमी न्याहाळतात.

तथापि या दृष्टीलाही मर्यादा आहेत. पहिल्या अळीच्या दिवसांत ढग आड येतात. आणि हिवाळ्यात साग स्वभावतःच पाने गाळू लागतो. उंचावरून पानगळ आणि कीड सारखीच भासतात. म्हणून मागील वर्षांच्या त्याच पंधरवड्याची चित्रे शेजारी ठेवावी लागतात, आणि अखेरीस कोणीतरी रानात जाऊन पान उलटून पाहावेच लागते. त्या वेळी वनरक्षकाला व गोंड गावकऱ्याला विचारले नाही, तर उपग्रहाचे चित्र अर्धेच वाचले जाईल.

वाचकहो, केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला आपण पौषात येताच. एकदा आश्विनातही यावे आणि ती जाळीदार पाने प्रत्यक्ष पाहावीत.