एकादशी आणि दोनशे किलोमीटर

सायकल चालवली की वजन आपोआप उतरतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी रविवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्यावरची मिसळीची हॉटेलं पाहावीत. हेल्मेट टेबलावर आणि पावाची तिसरी जोडी हातात. दोन तासांत जाळलेलं पंधरा मिनिटांत भरून काढणारी आमची जमात आहे.

ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, तयारीला लागलो तेव्हा माझं वजन ९१ किलो होतं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. सपाटीवर वजनाचं फारसं अडत नाही, तिथे झुंज वाऱ्याशी असते. खंबाटकीसारखा घाट मात्र किलोकिलोचा हिशेब मागतो. दीड-दोन किलोने हलकी सायकल मिळावी म्हणून लाखभर रुपये जास्त मोजणारे लोक मला माहीत आहेत. त्यांतल्या काहींचं पोट पाहिलं की हसू येतं; माझ्याही पोटाकडे पाहून कुणी हसत असणारच.

आईचा उपाय सोपा होता : उपास धर. पण हिशेब बघा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. माझ्या वजनाच्या माणसाला दोनशे किलोमीटरला चार-साडेचार हजार लागतात. म्हणजे दिवसभर काहीही न खाता पेडल मारलं तरी जेमतेम अर्धा किलो. आणि न खाता ते जमतच नाही. स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन दोन-तीन तासांच्या जोरकस राइडमध्ये संपत येतं. मग डोकं गरगरतं, पाय गळतात. परतल्यावर काटा दोन किलो कमी दाखवतो, ते बहुतेक पाणीच असतं. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. म्हणून मी वजन आठवड्यातून एकदाच करतो, बुधवारी सकाळी. सोमवारच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही.

गंमत अशी, की आईच्या उपासाचा फराळ मला सायकलवर फार उपयोगी पडला. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगाच नाही. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा : पचायला हलकं, जर्सीच्या खिशात मावणारं आणि परदेशी जेलच्या पाकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त. तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, म्हणून भूक लागायच्या आधीच दर अर्ध्या तासाने काहीतरी खातो. साबुदाण्याची खिचडी मात्र राइडच्या आधी. चढावर तिचं तूप घशाशी येतं.

काटकसर करतो ती घरी. रात्री एक ज्वारीची भाकरी, वाटी भरून मटकीची उसळ, दही, काकडी. भात दुपारी, तोही मोजका. दिवसाला तीन-चारशे कॅलरींची तूट, त्याहून जास्त नाही. कारण जास्त केली की झोप बिघडते आणि संध्याकाळी फरसाणाचा डबा हाका मारतो. सर्वांत कठीण दिवस राइडनंतरचा. त्या दिवशीची भूक बेफाम असते. तेव्हा दोन उकडलेली अंडी आधी खायची, बाकीचं नंतर बघायचं.

वर्षभरात मी ७९ वर आलो. ब्रेव्हेच्या आठवड्यात मात्र तूट बंद, पोटभर जेवण. तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि उपाशीपोटी लांबच्या राइडला तर अजिबात निघू नका.