मिनारवाले आणि कट्यारवाले

राजापेठेतल्या आमच्या घरात बिल्ले दोन होते आणि त्यांवरून भांडणारी पोट्टी बरीच. आबाजींच्या बिल्ल्यावर भीमा-कोरेगावचा स्तंभ. आबाजी त्याला मिनार म्हणत. काकांच्या बिल्ल्यावर एकमेकींवर आडव्या दोन विकर्स मशीनगन आणि मधे उभी कट्यार. पलटण मात्र एकच, महार रेजिमेंट.

खरा बिल्ला कोणता, हा उन्हाळ्याच्या सुट्टीतला ठरलेला तंटा. अकोल्याची आतेभावंडं काकांकडून, कारण बंदूक. आम्ही मिनारवाले. आबाजी मधे पडत नसत. फारच कल्ला झाला की म्हणत, "मिनार गेला, कट्यार आली. पलटन थेच हाय ना, लेकाहो!"

मिनाराचा हिशेब मोठेपणी लागला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनी सरकारकडून पडलेल्यांची नावं त्या स्तंभावर आहेत, त्यांत महार शिपायांचीही. तरी १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली. गरज सरताच १९२१ मध्ये मोडलीही. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीवर तो स्तंभ मिरवणं हा नुसता शृंगार नव्हता. आम्ही आधीपासून होतो, हे इंग्रजाला त्याच्याच पितळेत ऐकवणं होतं, असं मला वाटतं. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली. पुढे ती पुन्हा पायदळात आली, पण विकर्स बिल्ल्यावरून उतरल्या नाहीत.

बिल्ले चमकवायचा मान पोरांचा, २६ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी. काकांच्या बिल्ल्याला ब्रासो. आबाजींना चिंच आणि चुलीतली राखच पटे. बिल्ल्यामागच्या कड्यांतली पिन काढली की मोठी माय ती आधी आपल्या पदराला टोचून घेई, पोरांवर तिचा भरवसा नव्हता. वर्दीच्या बटनांसाठी मधे फट असलेली पितळी पट्टी होती. ती बटनाखाली सरकवली की पॉलिशचा डाग कापडाला लागत नसे. त्या पट्टीचे आम्ही इतर जे उपयोग शोधले ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

चिंचेनं मिनाराच्या कडा पार बुजल्या. इतकं घासलं कोणी, यावर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून एकमत नाही. अकोलेवाले मिनारवाल्यांकडे बोट दाखवतात आणि आम्ही चिंच कोणी आणली ते विचारतो.